शेपटीची वेणी

जनावरं बोलत होती, फक्त माणसांना ते कळत नव्हतं, त्या काळची गोष्ट.

बाजाराच्या दिवशी मालकाने रणबाज घोड्याच्या शेपटीची घट्ट वेणी घालून तिला गोंडा बांधला. शेजारी कुंभाराचं गाढव होतं, ढवळू. "लांब उभा राहा, तुझा वास येतो," रणबाज त्याला म्हणाला.

ऊन चढलं आणि गोमाश्या आल्या. त्या रणबाजच्या पाठीला आणि डोळ्यांना डसू लागल्या. हाकलायला जावं, तर वेणी हलेना! ढवळू मात्र मजेत शेपटी उडवत होता.

"ढवळूराव, माझ्याही माश्या हाकलता का?"

"हाकलतो की! पण शेपटी पडली मागे. तोंड तुम्हालाच तिकडे आणावं लागेल."

रणबाजने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच तोंड गाढवाच्या मागे नेलं. सप् सप्! माश्या पळाल्या. सुखाने त्याचे डोळे मिटले.

तेवढ्यात मालक गिऱ्हाईक घेऊन आला. "असा रुबाबदार घोडा..." म्हणता म्हणता तो थबकला. त्याने लगाम ओढला, पण रणबाज हलेना.

"सरदार, लोक हसताहेत," ढवळू कुजबुजला.

"हसू देत," रणबाज म्हणाला, "तुम्ही शेपटी थांबवू नका."