ओ देणारी शाळा

त्या राज्यात डोंगर उदंड होते आणि वाटा थोड्या. शेजारशेजारच्या खोऱ्यांत राहणाऱ्यांचीही वर्षातून एखादवेळीच गाठ पडे, म्हणून डोंगर पोखरून वाटा काढणाऱ्या घुशींना तिथे मोठा मान होता. काळ्या डोंगराच्या पायथ्याशी घुशींची शाळा होती. ती कुण्या राजाने काढलेली नव्हती. बिळाबिळातून मूठमूठ दाणा गोळा करून घुशींनीच ती उभी केली होती, आणि पाहुण्याने पाणी प्यायच्या आत कुणी ना कुणी त्याला हे ऐकवीच.

कोंडाई तिथली सगळ्यात जुनी शिक्षिका. ती एकच गोष्ट शिकवी: ओ देणे. बोगदा नेहमी दोन्ही अंगांनी खणायचा. हातभर खणून झालं की भिंतीवर तीनदा ठोकायचं आणि गप्प बसायचं. मग पलीकडच्यांनी दगडाला तोंड लावून लांब ओ द्यायची. ओ जिकडून येईल तिकडे वळायचं. पोरं कंटाळत. नुसतं बसायचं काय, म्हणून कुरकुरत.

"खणतंय कुणीबी," कोंडाई म्हणे. "थांबायला शिका."

पुढे डोंगरातली पोरं कमी होत गेली. समुद्राकाठच्या खेकड्यांच्या शाळेत मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. हुकूम निघाला: दोन्ही शाळा एक करा. नावावरून दोन पावसाळे भांडण झालं आणि शेवटी कुणालाच न आवडणारं नाव एकमताने ठरलं.

खेकड्यांचे मुख्य तिरपेपंत काही वाईट नव्हते. डोंगराकडचं काय ठेवायचं, हे त्यांनी आपणहून विचारलं.

"बाकी समदं तुमच्या मनासारखं करा पंत," कोंडाई म्हणाली, "पण आमची ओ तेवढी राहू द्या."

पंत विचारात पडले. खेकड्याच्या बिळाला तोंड एकच. पलीकडूनही कुणी खणत येतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "गळ्यातून काढायची ना? मग काळजी सोडा," ते म्हणाले, आणि त्यांनी ओ गायनाच्या वर्गात घातली.

गायन शिकवणाऱ्या मैनेने ती पोरांकडून छान घोटून घेतली. संमेलनात ओ फार गोड झाली, टाळ्या पडल्या. कोंडाईला रडू आवरेना. "बघा, किती भिडली तुम्हाला," मैना कौतुकाने म्हणाली.

शाळा समुद्राकाठी गेल्याने कोंडाईलाही आता किनाऱ्यावर बीळ मिळालं होतं. ऐसपैस होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. पण सवयीने ती भिंतीवर ठोकी आणि वाळू तिची थाप गिळून टाकी. मग तिला डोंगराची अशी आठवण येई की ती पुन्हा पुन्हा ठोकून बघे.

एकी झाल्याची खूण म्हणून डोंगर आणि किनारा जोडणारा बोगदा खणायचं ठरलं. इकडून घुशींची पोरं, तिकडून खेकड्यांची. नकाशा तर दृष्ट लागण्यासारखा होता. कोंडाई पंतांकडे धावली.

"पोरांना ओ शिकवल्याबिगर आत सोडू नका. चुकामूक हुईल."

"अहो कोंडाई, शिकवतो की. दर सोमवारी तास असतो."

ठरलेल्या दिवशी बोगदे भेटले नाहीत. वर चार दिवस गेले, तरी भेटले नाहीत. कोंडाईच्याने राहवेना. एका जुन्या, विसरलेल्या बिळातून ती डोंगराच्या पोटात उतरली. तिथे तिला दोन्ही अंगांना खरवडण्याचा आवाज आला: डावीकडे तिची पोरं, उजवीकडे खेकड्यांची, आणि मध्ये ती. बोगदे न भेटताच एकमेकांच्या शेजारून पुढे निघाले होते.

तिने डाव्या भिंतीवर तीनदा ठोकलं. मग उजव्या भिंतीवर. दोन्हीकडची खरवड थांबली. ओ ऐकायला कोंडाईने दगडाला कान लावला.

"काय वाजलं रे?" डावीकडून एक पोर म्हणालं.

"दगड बसत असंल. चल, उरक."

खरवड पुन्हा चालू झाली. खणता खणता डावीकडच्या पोराने ओ गुणगुणायला घेतली, सोमवारी शिकवली होती तशीच. उजवीकडेही कुणीतरी तीच गुणगुणत होतं. दोन्ही ओ सुरात होत्या. एक समुद्राकडे चालली होती, दुसरी डोंगराकडे.