चढावर मागे आलेली मोटार

फार फार पूर्वी, इतक्या पूर्वी की साल सांगायलाही आज कोणी उरलेलं नाही, डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथे हत्ती होते, घोडे होते, बैल तर दारोदारी होते; पण मोटार एकच होती. दूरदेशीच्या एका राजाने ती थोरल्या महाराजांना भेट दिली होती. महाराज तिच्यात एकदाही बसले नाहीत. ते वारले आणि गादीवर त्यांची एकुलती एक मुलगी बसली.

मुलांनो, आणि मुलांच्या पाठीमागे बसून हळूच कान देणाऱ्या थोरांनो, ही गोष्ट त्या तरुण राणीची.

राणीच्या मनाने घेतलं की मोटार आपण स्वतः चालवायची. शिकवायला माणूसही एकच होता, थोरल्या महाराजांचा म्हातारा सारथी. मोटार आणायला तोच परदेशी गेला होता आणि चालवायला शिकूनच परतला होता. राणीला त्याने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. ती त्याला काका म्हणायची.

पहिल्या दिवशी त्याने तिला सगळं समजावलं. डाव्या पायाखाली क्लच, मधे ब्रेक, उजवीकडे वेग द्यायचा. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा आणि मग क्लच सावकाश सोडायचा. "झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून आपण हात काढतो ना, बाईसाहेब, तसा," सारथी म्हणाला.

राणीने तो हात हिसका मारूनच काढला. मोटारीने गचका खाल्ला, बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. वाड्याच्या चौकात पहारेकरी होते, दासी होत्या. त्यांच्यातलं कोणीतरी फिसकन हसलं. राणी उतरली ती डोळे पुसतच. त्या दिवशी तिने जेवणाचं ताट न शिवता परत पाठवलं. हे सारथ्याच्या कानावर गेलं, तेव्हा त्यालाही घास गिळवेना.

मोटारीत काही बिघाड असावा असं सांगून त्याने ती लोहाराकडे नेली. काही दिवसांनी परत आणली, तर मोटार पार बदललेली. राणीने क्लच कसाही सोडला तरी गचका बसेना. मोटार चढावर उभी राही आणि चढावरूनच अलगद निघे. सारथी शेजारी बसे, थंडी वाजते म्हणून गुडघ्यांवरून पायांपर्यंत घोंगडी पांघरून. तो फक्त मान डोलवायचा आणि 'वा, बाईसाहेब' म्हणायचा. राणी हरखून गेली. प्रधान म्हणाले, अशी तल्लख बुद्धी साऱ्या घराण्यात झाली नाही. दरबारही तेच म्हणाला.

दसरा आला. टेकडीवर आपट्याचं सोनं लुटायला सारं नगर जायचं. राणीने ठरवलं, यंदा हत्ती नको. मोटारीतून जायचं, आणि तेही एकटीने. सारथ्याने खूप आडकाठी केली. ऊन फार आहे म्हणाला, चाक कमजोर वाटतंय म्हणाला. राणी हसली.

"काका, इतके दिवस तुम्ही नुसते शेजारी बसून तर होता. आज वाड्यावर बसा."

सारथ्याने तोंड उघडलं. पण तिचा फुललेला चेहरा पाहून ओठावर आलेला शब्द त्याने गिळून टाकला.

वाड्यापासून रस्ता उताराचा होता, त्यामुळे मोटार आपोआप घरंगळत निघाली. गिअर टाकताना मात्र कोणी करकरा दात खावेत तसा आवाज आला. हा आवाज राणीने पूर्वी कधी ऐकला नव्हता. तिला नवल वाटलं, पण लोक दुतर्फा हात जोडून उभे होते, आणि ती पुढे गेली.

टेकडीचा चढ लागला. अर्ध्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला. राणीने घाईने दोन्ही पाय उचलले, मोटार थरथरली आणि बंद पडली. कळप गेला. राणीने मोटार चालू केली, नेहमीसारखा क्लच सोडला, आणि नेहमीसारखं काहीच झालं नाही. मोटार एकदा उसळली, गप्प झाली आणि मागे सरकू लागली.

मोटार मागेही जाते हे राणीला त्या क्षणी कळलं. तिने जीव खाऊन ब्रेक दाबला. निदान तिला तो ब्रेक वाटला. पाय पडला होता क्लचवर, आणि क्लच दाबल्यावर मोटार मोकळीच झाली. मागे लोकांची दाटी होती. माणसं लेकरं उचलून बाजूला उड्या टाकत होती. एका रंगाऱ्याची गाडी वाटेत उभी होती, दसऱ्यासाठी रंगवलेल्या पागोट्यांनी भरलेली. मोटार तिच्यावर आदळून थांबली, गाडी कलंडली आणि रंगाऱ्याचा पाय तिच्याखाली सापडला.

रंगारी गाडीखाली कण्हत होता. राणी सुकाणूचं चाक दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. बोटं सोडवायला दासींना यावं लागलं.

वैद्याने रंगाऱ्याला नेलं. मोटार बैल जुंपून वाड्यावर आणली, आणि तिसऱ्या प्रहरी दरबार भरला. राणीचं म्हणणं एकच होतं, की जी मोटार कधी चुकली नाही ती आज चुकली, म्हणजे कोणीतरी घात केला. मोटारीला शेवटचा हात कोणाचा लागला होता? लोहाराचा. त्याला धरून आणलं. तो जमिनीकडे पाहत उभा राहिला आणि विचारल्या प्रश्नाचं उत्तर देईना. प्रधानांनी सुचवलं, याचे हात तोडावेत. राणीने क्षणभर डोळे मिटले, आणि होकारासाठी मान हलवणार तोच सारथी पुढे आला.

"बाईसाहेब, लोहार निर्दोष आहे. मी त्याच्याकडून शपथ घेतली होती, म्हणून तो गप्प आहे. मोटारही निर्दोष आहे." तो थांबला. "तुम्हाला मोटार येत नाही."

असं वाक्य त्या दालनात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. राणीला वाटलं, म्हातारपणाने काका भ्रमले. ती उठून तडक चौकात गेली. सारथ्याने मोटारीचं दार उघडलं आणि आपल्या जागेपुढचा गालिचा उचलला. खाली आणखी एक क्लच होता, आणखी एक ब्रेक होता. लोखंडी, वापरून वापरून गुळगुळीत झालेले. राणी मोटारीच्या पायरीवर मटकन बसली.

"मग मी इतके दिवस काय करत होते?"

"तुम्ही पाय हलवत होता. गाडी मी चालवत होतो."

"का?"

"त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत म्हणून," म्हातारा म्हणाला आणि लेकरासारखा रडू लागला.

राणीला रडू आलं नाही. तिला राग यायला हवा होता, तोही आला नाही. नुसता काटा आला अंगावर. लोहाराला तिने स्वतःच्या हाताने मोकळं केलं. त्याचे हात तोडले गेले असते, आणि तेही आपल्याच होकाराने. मग एकदम तिच्या मनात दुसरंच काही आलं आणि ती मागे उभ्या असलेल्या दरबाऱ्यांकडे वळली.

"राज्यही मी असंच चालवते का?"

प्रधानांनी मान खाली घातली. शेवटी कोठारांचा अधिकारी कापऱ्या आवाजात म्हणाला, की पूर्वेकडच्या गावांत दोन हंगाम पिकलेलं नाही. बाईसाहेबांना नव्या गादीवर दुःख नको, म्हणून कोणी बोललं नव्हतं.

त्याच दिवशी राणीने कोठारं उघडायला लावली आणि धान्य पूर्वेकडे रवाना केलं. रंगाऱ्याच्या घरी ती पायी गेली. तो वाचला, पण पाय वाकडाच सांधला गेला आणि तो जन्मभर लंगडला.

लोहाराने गालिच्याखालचं लोखंड काढून टाकलं. सारथ्याला राणीने हाकललं नाही. शेजारी मांडी घालून बसायचं आणि जे दिसेल ते तोंडावर सांगायचं, एवढीच अट घातली. ती भर बाजारात शिकली. मोटार गचके खाई, बंद पडे, लोक हसत. राणीचे कान लाल होत, आणि ती पुन्हा सुरू करी. चढावर मोटार हातभर मागे येई, तेव्हा ती ब्रेक दाबी. आता तो ब्रेकच असे.

मोटार हाती बसल्यावर ती पहिल्यांदा पूर्वेकडच्या गावांना गेली. धान्य पोचलं होतं, पण बऱ्याच घरांची दारं बंद होती, अंगणात गवत वाढलं होतं. विहिरीजवळ एक म्हातारी बसली होती. तिने सांगितलं, की गावाने दोनदा माणूस पाठवला होता. दोन्ही वेळा नगराच्या वेशीवरूनच निरोप मिळाला, की राणीसाहेब आनंदात आहेत, त्यांना त्रास देऊ नका. मग लोक वाट फुटेल तिकडे गेले.

पुढे त्यांतले काही परतले. सगळे परतले नाहीत.

चुका झाकणारी माया माणसाला शिकू देत नाही, आणि त्या न शिकण्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.