हौसाईच्या हातातले काटे

फार पूर्वी, घाटात अजून गाडीरस्ता नव्हता, बैलांच्या पाठीवर माल यायचा, तेव्हाची ही गोष्ट. आडखिंडीची पेठ तेव्हा हळदीसाठी नावाजलेली होती. आणि त्या पेठेची राखण एक बाई करायची. तिचं नाव हौसाई.

नवरा पेठेचा जागल्या होता. तो गेला आणि हौसाईने त्याची काठी उचलली. व्यापारी हसले. पण तिची राखणच न्यारी होती. ती एका जागी कधी बसली नाही. पावसाळ्यात ओढ्याच्या अंगाला फिरायची, सुगी झाली की खिंडीकडे तोंड करायची आणि ऊन तापलं की दुकानादुकानापुढे रांजण भरून घ्यायची. तिला वाऱ्याचा वास कळायचा, असं म्हणतात.

ती म्हणायची, "चोर रुतूप्रमाणं रूप बदलतो, बाबांनो. पावसात पाणी होऊन येतो, थंडीत माणूस होऊन येतो, उन्हाळ्यात चुलीतला इस्तू होऊन येतो. तुम्ही मात्र त्याला गेल्या साली आला त्याच दारात धुंडता."

एका सुगीत खिंडीतून दरोडेखोर उतरले आणि चार दुकानं धुऊन नेली. पुढच्या वर्षी हौसाईने पेठेभोवती बाभळीच्या फांद्यांचं माणूसभर उंच कुंपण घालायला लावलं. एकच फाटक, त्याला कुलूप. दरोडेखोर आले, काटे बघून परत फिरले. पेठेने गुलाल उधळला.

होळी जवळ आली तशी हौसाई पेठेतले थोरले व्यापारी खुशालशेट यांच्याकडे गेली.

"शेट, कुंपण मोडा आता. फांद्या वाळल्यात. पेठेभोवती सरपण रचून ठेवल्यासारखं झालंय."

"ज्यानं हळद राखली तेच मोडू?" खुशालशेट म्हणाले. "दरोडेखोरांची कोण लागतेस गं तू?"

भोवतीचे व्यापारी खदखदून हसले. ज्या बाईने त्यांची पोती राखली, तिलाच चोरांची सोयरी ठरवलं! आणि एवढ्यावर भागलं नाही. तिच्या हातातली काठी काढून घेतली. रांजण रिकामे झाले, ते कुणी भरले नाहीत.

त्याहून वाईट पुढेच आहे. उन्हाळ्यात दुपारी पेठ बंद व्हायची. व्यापारी जेवायला, वामकुक्षीला घरी जायचे. हमाल पोत्यांच्या सावलीत आडवे व्हायचे, त्यांच्या बायका पोरांना घेऊन भाकरी पोचवायला यायच्या. जाताना खुशालशेट फाटकाला बाहेरून कुलूप घालायचे. का? तर हमाल पदरात हळकुंडं बांधून नेतील म्हणून. जिवंत माणसं कोंडायची आणि किल्ली कनवटीला लावून घोरत पडायचं!

हौसाई रोज दुपारी फाटकाबाहेरच्या पिंपळाखाली येऊन बसायची. काठी काढून घेता येते, नजर कशी काढून घेणार?

एका दुपारी वारा सुटला. बाहेर उतरलेल्या एका बैलवाल्याच्या चुलीतली ठिणगी उडाली आणि कुंपणाने पेट घेतला. आतून हमालांचा मुकादम लखू ओरडला, "हौसाक्का, फाटक! पोरं हायेत आत!"

कुलूप कुठलं निघतंय? हौसाई कुंपणाला भिडली. उघड्या हातांनी फांद्या उपसू लागली. एकेक काटा बोटाएवढा. आग दोन्ही बाजूंनी धावत आली आणि तिच्यापाशी येऊन थबकली, असं म्हणतात. तिच्या हातात शिरलेले काटे पलीकडून पिवळी फुलं होऊन गळत होते, असंही म्हणतात. लखू मात्र मरेपर्यंत सांगायचा, की फुलंबिलं काही नव्हती, रक्त होतं. तिने पाडलेल्या खिंडारातून बाया आल्या, पोरं आली, सगळ्यांत शेवटी लखू आला. एक माणूस मागे राहिलं नाही. मग आगीने पाऊल उचललं आणि पेठ गिळली.

खुशालशेट किल्ली नाचवत धावत आले. पहिला शब्द काय बोलले असतील?

"हळद वाचली का गं?"

हौसाईने नुसते हात पुढे केले. शेटनी बघितलं आणि ते खाली बसले. मग म्हणाले, "तुला लुगडं-चोळी करतो, हौसा. तुझ्या नावाचा दगड बसवतो."

"दगड नका बसवू माझ्या नावाचा," ती म्हणाली. "हे काटे काढा. तुम्ही काढा. एकेकानं या."

मग पिंपळाखाली साऱ्या पेठेचे व्यापारी सुया घेऊन तिच्यापुढे बसले. ज्यांनी कधी पोत्याला हात लावला नव्हता, ते तिचा हात हातात घेऊन काटे काढत होते. सगळे काटे निघेपर्यंत सूर्य मावळेना, असं म्हणतात. शेवटचा निघाला तेव्हा कुठे तो डोंगराआड गेला.

आडखिंडीत हौसाईचं देऊळ नाही. सुगी संपताना कुंपण अजून घालतात. होळीच्या सकाळी ते मोडायचं, आणि ते व्यापाऱ्यांनीच, उघड्या हातांनी. हमाल त्या दिवशी ओट्यावर बसून गूळपाणी पितात. त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत पेठेचं फाटक लावत नाहीत. मोडताना कुणा शेटला काटा रुतला, तर होळी पेटेपर्यंत तो काढायचा नसतो. हमालांतलं कुणीतरी येऊन विचारतं, "शेट, दुखतंय का?"

आणि शेटने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "दुखतंय."