हिरव्या डोंगरावरचा पिंड

"बुवा, कावळा का येत नाही?"

डोमाजीबुवा सुबाभळीखाली डोळे मिटून बसले होते.

हेमराजच्या बापाचा आज दहावा. नदीच्या घाटावर नको, माझ्या वावरात पिंड ठेव, असं म्हातारा जाताना सांगून गेला होता. आता वावर कुठून आणायचं? गाव कोळशाच्या खाणीत गेलं आणि वावरावर खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर उभा राहिला. डोंगरावर कंपनीने झाडं लावली. ती जगली की मेली हे ड्रोन उडवून पाहायचं, हेच हेमराजचं काम. म्हणून वावराची जागा त्याने नकाशावर बरोबर हुडकली आणि लहानपणी ज्यांच्या मठीत बसून चार शब्द शिकला, त्या बुवांना घेऊन वर आला.

मोकळ्या जागेत मधोमध एक सपाट दगड होता. आलोच आहोत तर कामही उरकून घ्यावं म्हणून त्याने ड्रोन त्या दगडावर ठेवून तिथूनच उडवला, आणि मग त्याच दगडावर पिंड ठेवला. हुशार माणूस, एका फेरीत दोन कामं.

"बाबा, आईला मी अंतर देणार नाही."

...

"धाकटीचं लग्न मी लावून देईन."

...

एकही कावळा फिरकला नाही.

"बुवा, त्यांचं काय मनात राहिलं असेल?"

बुवांनी डोळे उघडले.

"पयले मले सांग, कावळा राह्यते कुठं इथं?"

हेमराजला ते लागलं. त्याने टॅब पुढे धरला.

"हे बघा. झाड मरायला लागलं की इथे लाल दिसतं. दिसतंय कुठे लाल? सगळं हिरवं आहे. ही जमीन जिवंत झाली, बुवा. उद्या मी तसं लिहून देणार. मग कंपनी जबाबदारीतून मोकळी."

"जिती हाय?"

"शंभर टक्के."

बुवांनी टॅब त्याच्या हातातून घेतला आणि मातीवर पालथा ठेवला.

"मंग आयक."

ड्रोन डोंगराच्या पलीकडे गेला होता. त्याची घरघर बारीक होत होत विझली.

...

हेमराज या डोंगरावर कितीदा तरी आला होता. पण डोक्यावर घरघर नसताना तो इथे कधी उभाच राहिला नव्हता.

कुठे किडा किरकिरत नव्हता. पाखरू नव्हतं. पिंडाच्या भातावर माशी बसली नव्हती, मुंगी चढली नव्हती. झाडं नुसती उभी होती, हिरवीगार. हेमराजला भीती वाटली, आणि स्वतःपेक्षा बापासाठी जास्त वाटली. इथे म्हाताऱ्याला सोडवायला येणार तरी कोण?

"बाबा," तो खाली बघून म्हणाला, आणि शहरात गेल्यावर सुटलेली बोली आपसूक तोंडात आली, "तुमी खालीच अडकले का?"

...

दगडावर सावली पडली.

चार्जिंग संपत आलं की ड्रोन जिथून उडाला तिथेच आपोआप परततो. आताही तो सरळ दगडाच्या डोक्यावर येऊन थांबला आणि हळूहळू खाली उतरू लागला. रिमोट हेमराजच्या हातात होता. त्याचं बोट हललं नाही. खरं सांगायचं तर ड्रोनला अडवावं असं त्याला वाटलंच नाही.

वाऱ्याने पिंडावरचे तीळ उडाले. ड्रोनचा एक काळा पाय भातात रुतला. घरघर थांबली.

हेमराज दगडाजवळ वाकला.

"बुवा... शिवला असं धरायचं का?"

बुवांनी हात जोडले. कोणाला, ते कळलं नाही.

"त्याच्या डोळ्यानं जमीन जिती धरली ना तू? मंग त्याच्या पायानं बापबी सुटला, असं धर."