कुमुदताईंचा पास

जिमखान्यातल्या ब्रिजच्या अंतिम सामन्यात निवृत्त जज्ज खासगीवाल्यांनी पत्त्यांवर नुसती नजर टाकली आणि गर्जना केली, "वन नोट्रम्प!" या बोलीचा अर्थ, हातात मोठ्या पत्त्यांचे किमान पंधरा गुण. भिडूकडे दहा असले की त्याने डोळे मिटून गेमच्या बोलीपर्यंत चढायचं, हे शेंबडं पोरही सांगेल.

साहेबांच्या भिडू होत्या कुमुदताई राजोपाध्ये. त्यांच्याकडे बरोबर दहा होते. त्यांनी साहेबांकडे एकदा निरखून पाहिलं आणि म्हटलं, "पास."

ताईंनी पत्ते मांडताच साहेब कडाडले, "दहा असताना पास? ढाल घालवलीत!"

"आधी खेळा तर, साहेब."

साहेब खेळले. घाम गाळून बोलीपुरते सात हात झाले. गेमला नऊ लागले असते. तरी तोरा कायम! "पत्ते वाईट बसले. माझे पंधरा, तुमचे दहा. नियम तुम्ही मोडलात!"

"साहेब, तीस वर्षं तुम्ही पुरावा बघून निकाल दिलात," ताई म्हणाल्या. "आजचा पुरावा तुमच्याच पुढ्यात पालथा पडलाय."

सामन्यात ज्याचे खेळलेले पत्ते त्याच्यापुढेच राहतात. प्रतिस्पर्ध्याने ते उलटून मोजले. तेरा गुण!

"मग उरलेले दोन?" त्याने विचारलं.

"ते साहेब स्वतःच्या खेळाचे धरतात. दर वेळी. म्हणून मी ते आधीच वजा करते."

ढाल साहेब-ताईंच्याच जोडीने नेली. पण जिमखान्यात अजून सांगतात ते पुढच्या डावाचं. साहेबांनी चष्मा लावला, गुण दोनदा मोजले, ताईंकडे चोरून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पास."