मुंगीचा कण, फ्रिजचा खण

"कुणीतरी माझं लोणी पळवलं! कुणीतरी! कुणीतरी!"

कोण ओरडलं? ठिपकी ओरडली.

ठिपकी कोण? लाल मुंगी. तिळाहून लहान.

ठिपकी कुठे होती? फ्रिजमध्ये. वरच्या फळीवर. लोण्याच्या वाटीच्या काठावर.

वाटी रघुआजोबांची. आजोबा ताक घुसळत. लोणी वाटीत ठेवत. काठाला कणभर लोणी चिकटून राही. आजोबा ते पुसत नसत. म्हणत, "वाटीतलं माणसांचं. काठावरचं मुंगीचं."

आज काठ रिकामा होता. वाटीतलं लोणी पातळ. अगदी पळीवाढं. ठिपकीचा कण घरंगळून आत पडला होता.

तेवढ्यात फ्रिजचं दार उघडलं. दिवा लागला. आजोबांनी दूध घेतलं.

"दिव्या, दिव्या, तू पाहिलंस?"

"दार उघडलं की मी लागतो. दार लागलं की मी विझतो. अंधारातलं मला काय माहीत?"

दार लागलं. दिवा विझला. खरंच विझला. ठिपकी आत होती ना, तिने पाहिलं.

ठिपकी लोण्याला म्हणाली,
"लोण्या, लोण्या, घट्ट हो ना!
मला कण मिळत नाही."

लोणी म्हणालं, "मी कशाला? वारा येऊ दे. मग मी घट्ट होईन."

तुरुतुरु तुरुतुरु ठिपकी निघाली. मागे एक जाळी होती. जाळीत गार वारा बसला होता. गप्प.

"वाऱ्या, वाऱ्या, वर ये ना!
लोणी घट्ट होत नाही.
मला कण मिळत नाही."

वारा म्हणाला, "मी कशाला? मला ढकलतो पंखा. पंखा फिरू दे. मग मी येईन."

तुरुतुरु तुरुतुरु ठिपकी जाळीतून खाली उतरली. खाली पंखा होता. कट् कट् कट्. पुढे जाईना, मागे येईना.

"पंख्या, पंख्या, फिर ना रे!
वारा वर येत नाही.
लोणी घट्ट होत नाही.
मला कण मिळत नाही."

पंखा म्हणाला, "मी कशाला? माझी पाती बर्फाने धरलीत. बर्फ वितळू दे. मग मी फिरेन."

तुरुतुरु तुरुतुरु ठिपकी बर्फावर चढली. पाय गार गार. बर्फ जाडा. बर्फ पांढरा. बर्फ फुगून बसलेला.

"बर्फा, बर्फा, वितळ ना रे!
पंखा गरगर फिरत नाही.
वारा वर येत नाही.
लोणी घट्ट होत नाही.
मला कण मिळत नाही."

बर्फ म्हणाला, "मी कशाला? इथे एक तार आहे. ती तापते, मी वितळतो. पण खण उघडा आहे. बाहेरची ओली हवा आत येते. मी पुन्हा फुगतो. खण लागू दे. मग मी वितळेन."

तुरुतुरु तुरुतुरु ठिपकी खणापाशी आली. बर्फाचा मोठा खण. फ्रिजच्या अगदी तळाशी. खण थोडासा पुढे आलेला. जीभ काढल्यासारखा.

"खणा, खणा, लाग ना रे!
बर्फ काही वितळत नाही.
पंखा गरगर फिरत नाही.
वारा वर येत नाही.
लोणी घट्ट होत नाही.
मला कण मिळत नाही."

खण म्हणाला, "मी कशाला? माझ्यात शेंग आडवी आली आहे. ती टोचते. शेंग सरकू दे. मग मी लागेन."

तुरुतुरु तुरुतुरु ठिपकी शेंगेपाशी गेली. शेवग्याची शेंग. लांबच लांब. हूं हूं हूं, थंडीने कुडकुडत होती.

"शेंगे, शेंगे, सरक ना गं!
खण काही लागत नाही.
बर्फ काही वितळत नाही.
पंखा गरगर फिरत नाही.
वारा वर येत नाही.
लोणी घट्ट होत नाही.
मला कण मिळत नाही."

शेंग म्हणाली, "मी कशाला? मी आमटीतली. बर्फात मी आपण होऊन आले का? आजोबांनी ठेवलं मला. आजोबा काढू देत. मग मी सरकेन."

खणाला बारीक फट होती. ठिपकी फटीतून बाहेर आली. तुरुतुरु तुरुतुरु थेट आजोबांपाशी. आजोबा ओट्याजवळ बसले होते. कोथिंबीर निवडत होते.

"आजोबा, आजोबा, शेंग काढा ना!
शेंग काही सरकत नाही.
खण काही लागत नाही.
बर्फ काही वितळत नाही.
पंखा गरगर फिरत नाही.
वारा वर येत नाही.
लोणी घट्ट होत नाही.
मला कण मिळत नाही."

"अगं हो, हो! श्वास तरी घे," आजोबा म्हणाले. "शेंग कशाला काढू? खालचा खण भाजीचाच असतो. जन्मभर मी खालीच भाजी ठेवली."

"तो जुना फ्रिज, आजोबा. त्यात बर्फ वर होता. हा नवा फ्रिज. ह्यात बर्फ खाली आहे."

"असेल. पण खण तर लागलाय. मी स्वतः ढकलला, गुडघ्याने."

"नाही लागला. फट आहे."

"कुठे आहे फट? मला तर दिसत नाही. मी कशाला उठू? फट दिसू दे. मग मी शेंग काढीन."

आता कुणाकडे जायचं? ठिपकीने इकडे पाहिलं. ठिपकीने तिकडे पाहिलं. पुढे कुणी उरलंच नव्हतं.

मग ठिपकीच निघाली.

"आजोबा, इकडे बघा हं. मी बाहेर." तुरुतुरु तुरुतुरु. "आता मी आत!"

आजोबांनी डोळे मिचकावले.

आतून बारीक आवाज आला, "मी आत! खण लागलाय ना? मग मी आत कशी?"

तुरुतुरु तुरुतुरु. "आता मी बाहेर! खण लागलाय ना? मग मी बाहेर कशी?"

आजोबांनी कोथिंबीर बाजूला ठेवली. चष्मा लावला. वाकले. गुडघा वाजला, कट्!

"अरेच्चा! फट आहे की गं!"

आजोबांनी खण ओढला. आणि मग काय?

आजोबांनी शेंग काढली. सुर्रकन!
शेंग सरकली, खण लागला. थप्प!
खण लागला, तार तापली, बर्फ वितळला. टप टप टप टप.
बर्फ वितळला, पंखा फिरला. गर गर गर गर.
पंखा फिरला, वारा वर आला. सूं सूं सूं सूं.
वारा वर आला, लोणी घट्ट झालं. गच्च!

लोणी घट्ट झालं, आणि ठिपकीला...

थांबा. लोणी आत. ठिपकी बाहेर.

ठिपकी खणापाशी गेली. फट नाही. तुरुतुरु डावीकडे. फट नाही. तुरुतुरु उजवीकडे. फट नाही. खण घट्ट लागला होता. तिनेच लावायला लावला होता.

ठिपकी फरशीवर बसली.

आजोबा आमटी ढवळत होते. आमटीत शेंगेचे तुकडे उड्या मारत होते. रटरट रटरट. आजोबांनी खाली पाहिलं.

"काय गं मुंगे, रुसलीस?"

"मला कण मिळत नाही," ठिपकी म्हणाली. बाकीचं काही म्हणायला उरलंच नव्हतं.

आजोबांनी आमटीखालचा गॅस बारीक केला. फ्रिजचं वरचं दार उघडलं. दिवा लागला. आजोबांनी वाटीच्या काठावर बोट फिरवलं. काठावर काही नव्हतं. मग त्यांनी वाटीतलंच थोडं लोणी घेतलं. खाली वाकले. गुडघा वाजला, कट्! लोणी ठिपकीसमोर ठेवलं. पांढरं. गार. घट्ट.

"हे वाटीतलं," ठिपकी म्हणाली. "वाटीतलं माणसांचं."

"तुझा कण त्याच्यातच पडला होता ना? मग हे तुझं," आजोबा म्हणाले. "उद्यापासून काठावरचं मी बाहेर आणून ठेवीन. तू आत शिरायचं नाहीस. मी खण उघडा ठेवायचा नाही."

ठिपकीने लोण्यात तोंड घातलं. चुटुक चुटुक. चुटुक चुटुक.

"बरं, एक सांग," आजोबा म्हणाले. "तू आत राहून आलीस. दार लागल्यावर दिवा विझतो का गं?"

ठिपकीचं तोंड भरलेलं होतं.

"विझतो हो, आजोबा," दिवा आतून म्हणाला. "पण आता बघायला आत कुणी नाही. लावा दार, आणि विश्वास ठेवा."