ढकलीबाईचा गोळा

आफ्रिकेतल्या माळरानावर एक शेणकिडी होती. चण्याएवढी. तिचं नाव ढकलीबाई.

तिनं शेणाचा गोळा केला. शी म्हणू नका हं, तिला तो लाडूच. गोळ्यात तिचं इवलंसं बाळ झोपलं होतं. ढकलीबाई गोळा ढकलत घरी निघाली. उलटी उलटी. गुडगुड, गुडगुड.

वाटेत उतार लागला. गोळा सुटला. गुडगुड, गुडगुड, धप्प. झुडपाच्या फांदीखाली अडकला.

ढकलीबाईला रडू आलं. बाळ आत, आई बाहेर.

"झुडूपमावशी, फांदी उचल ना."
"कशी उचलू? फळांनी वाकलेय. माकडीण फळं खाईल, तर उचलीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ढकलीबाई गेली माकडिणीकडे.
"माकडीणताई, फळं खा ना.
झुडूप फांदी उचलेना,
माझा गोळा निघेना."
"कशी खाऊ? पिल्लाला दात येतायत. रडू थांबत नाही. डुक्कर झुडपाचं गोड मूळ उकरेल, पिल्लू ते चघळेल, तर खाईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ढकलीबाई गेली रानडुकराकडे.
"डुकरदादा, मूळ उकर ना.
माकडीण फळं खाईना,
झुडूप फांदी उचलेना,
माझा गोळा निघेना."
"कसं उकरू? जमीन कडक झालीय. नाक दुखतं. हत्ती पाणी उडवेल, तर उकरीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. ढकलीबाई गेली हत्तीकडे.
"हत्तीआजोबा, पाणी उडवा ना.
डुक्कर मूळ उकरेना,
माकडीण फळं खाईना,
झुडूप फांदी उचलेना,
माझा गोळा निघेना."
"कसं उडवू? तळ्याच्या वाटेवर माझंच शेण पडलंय. पाय बरबटेल. कुणी ते हलवेल, तर जाईन."

ढकलीबाईनं शेण पाहिलं. मोठ्ठं. ताजं ताजं.
"अगबाई, एवढंच होय? हे तर माझंच काम."
एक गोळा केला, गुडगुड. आणखी एक, गुडगुड. आणखी एक, गुडगुड. वाट झाली साफ.

मग काय विचारता!
हत्तीनं पाणी उडवलं, फुर्रर्र.
डुकरानं मूळ उकरलं, खर्र खर्र. एकच हं. बाकीची मुळं मातीत ठेवली.
पिल्लानं मूळ चघळलं, चुटुक चुटुक. रडू पळालं.
माकडिणीनं फळं खाल्ली, मटामट.
झुडपानं फांदी उचलली, सळसळ.
आणि गोळा आला, गुडगुड, गुडगुड, थेट ढकलीबाईच्या पुढ्यात.

तिनं गोळ्याला कान लावला. आत काहीतरी वळवळलं.
"उठलास होय, सोन्या? चल घरी."
ढकलीबाई निघाली. उलटी उलटी. गुडगुड, गुडगुड.

गोळा गेला घरी,
गोष्ट झाली पुरी.